८२ की ८८

पौडहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळालेला असतो: "गरम होते ना? मग थर्मोस्टॅट काढून टाक." सांगणारा कधी शेजारी असतो, कधी जीपवाला, आणि बहुतेक वेळा माझ्यासारखाच एखादा मिस्त्री. दोन बोल्ट खोलायचे, आतली पितळी चकती काढून बाजूला फेकायची, टोपी परत आवळायची. काम अर्ध्या तासाचं. काटा लगेच खाली येतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पौडला गॅरेज चालवताना हे इतक्यांदा पाहिलं आहे, की जुनी मारुती दुरुस्तीला आली की तक्रार काहीही असो, मी आधी त्या टोपीखाली बघतो. बऱ्याचदा जागा रिकामीच असते.

थर्मोस्टॅटवर आळ असा, की तो पाणी अडवतो. खरंच अडवतो, त्यासाठीच तो बसवलेला असतो. इंजिन थंड ठेवण्याचं काम रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप यांचं. थर्मोस्टॅटचं काम इंजिनाला लवकर गरम करायचं आणि मग त्या गरमीच्या खाली उतरू द्यायचं नाही. गार इंजिनात तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. त्यामुळे ब्लॉक आणि हेडमधलं तेवढंच थोडं पाणी फिरत राहून झटपट तापतं. ठरलेलं तापमान आलं की झडप किलकिली होते आणि भातखाचराचं तोंड पाणी बघून कमी-जास्त उघडावं तशी ती स्वतःच स्वतःला राखते. म्हणजे तो खालची हद्द सांभाळतो. वरची हद्द त्याच्या हातात नाही. रेडिएटर चोंदला असेल तर थर्मोस्टॅट असो वा नसो, घाटात पाणी उकळणारच.

आत यंत्रणा अगदी साधी आहे. पितळेची एक छोटी डबी, तिच्यात मेण आणि मेणात मिसळलेली तांब्याची पूड. पूड एवढ्यासाठी, की मेण उष्णता लवकर वाहून नेत नाही. मेण वितळलं की साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी फुगतं, रबराच्या नळीला दाबतं आणि नळीतली पोलादी पिन बाहेर ढकलली जाते. पिनचं टोक वरच्या चौकटीला टेकलेलं असल्यामुळे डबीच खाली सरकते आणि तिच्याबरोबर झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग सगळं जागेवर आणते. मेणाचा हा उपयोग सर्जियस व्हर्ने यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत रूढ केला. त्याआधीच्या गाड्यांत भात्यासारखी घडी असलेली पितळी डबी असे आणि तिच्यात लवकर उडणारा द्रव. ती फुटली की झडप उघडी राहायची. मेणाची बिघडली की बहुधा बंद राहते. थर्मोस्टॅट बदनाम झाला तो या बंद राहण्यामुळे. एखाद्याची गाडी त्यामुळे तापली, हेड वाकलं, आणि तेव्हापासून सगळ्याच गाड्यांचे थर्मोस्टॅट निघू लागले.

काढल्यावर नुकसान होतं ते काट्यावर दिसत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. न जळलेले थेंब सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतात. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती गार भिंतीवर जमते, तिच्यात आम्ल मिसळतं आणि ते रिंगा आणि बोअर खात राहतं. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये आणखी एक गोष्ट आहे. तिचा थर्मोस्टॅट इनटेक मॅनिफोल्डवर बसतो आणि हेडमधून आलेलं गरम पाणी त्या मॅनिफोल्डला शेकत जातं. कार्ब्युरेटरमधून उतरणारं पेट्रोल हवेत मिसळावं, भिंतीला चिकटून राहू नये, म्हणून ही योजना. थर्मोस्टॅट काढला की मॅनिफोल्ड गारच राहतो. पुण्यात उन्हाळ्यात हे चालून जाईल. मुळशीत जून ते सप्टेंबर चालत नाही. ताम्हिणीच्या पट्ट्यात जुलैत दिवसभर धुकं असतं, रेडिएटरवर समोरून पाऊस झोडपत असतो आणि लोकांचा प्रवास गावातून पौडपर्यंत नाहीतर पिरंगुटपर्यंत, म्हणजे इंजिन तापायच्या आत गाडी थांबलेली.

गुरुजींची गाडी अशाच एका पावसाळ्यात माझ्याकडे आली. निवृत्त शिक्षक, ताम्हिणीच्या अलीकडच्या एका गावात राहतात. शाळेत मी त्यांच्या हाताखाली होतो, त्यामुळे आजही मला ते अरे-तुरेच करतात. गाडी १९९७ ची मारुती ८००, मुलाने नवी घेऊन देतो म्हटलं तरी त्यांनी न सोडलेली.

"अरे, लिटरला सोळा द्यायची, आता अकराच्या वर जात नाही. चोक आत ढकलला की बंद पडते. आणि एक मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल. तू बघून सांग."

हेड गॅस्केटची शंका कशी आली हे ऑइलचं झाकण उघडल्यावर कळलं. झाकणाच्या आतून पिवळट-पांढरा चिकट थर बसला होता. ऑइलमध्ये पाणी गेलं की असा थर धरतो, आणि हेड गॅस्केट गेलं तर ऑइलमध्ये पाणी जातं, इथवर बरोबर. पण डिपस्टिक काढून पाहिली तर तिच्यावरचं ऑइल स्वच्छ काळं होतं. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी पाहिलं, बुडबुडे नव्हते. पाण्याची पातळीही उतरत नव्हती. म्हणजे पाणी गॅस्केटमधून आलं नव्हतं, इंजिनाच्याच गार पोटात वाफ जमून साचलं होतं. इंजिन रोज धड तापलं असतं तर ती वाफ उडून गेली असती. टोपी खोलली. आत काही नव्हतं.

"थर्मोस्टॅट कुणी काढला, गुरुजी?"

मे महिन्यात माणगावला लग्नाला गेले होते. परत येताना विळ्याहून घाट चढताना गाडी उकळली. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने हा उपाय केला. नंतर लगेच पाऊस लागला, गाडी पुन्हा उकळली नाही, म्हणजे उपाय लागू पडला असं सगळ्यांना वाटलं. मूळ दुखणं मात्र तसंच होतं, पावसाने झाकलं होतं इतकंच. मी गाडी तासभर उभ्या जागी चालवून ठेवली तेव्हा पंखा एकदाही फिरला नाही. बॅटरीवरून थेट वायर लावली तर फिरला, म्हणजे मोटार चांगली, पंखा सुरू करणारा थर्मो स्विच मेलेला. रेडिएटर काढून उलटं पाणी सोडलं तर खालून गंजाचा गाळ आणि क्षाराच्या खपल्या पडल्या. वर्षानुवर्षं ओढ्याचं, विहिरीचं, मिळेल ते पाणी भरलं गेलं होतं. कूलंट कधी घातलंच नव्हतं. मे महिन्यातले खरे आरोपी हे दोघे होते, मेलेला स्विच आणि चोंदलेला रेडिएटर.

रेडिएटर साफ करायला पाठवला, स्विच नवा घेतला आणि थर्मोस्टॅट आणायला नाना पेठेत गेलो. पुण्यात जुन्या गाड्यांचे भाग शोधायचे तर अजूनही तिथेच जावं लागतं. दुकानदार विचारतो, "८२ का ८८?" हे आकडे डबीवर किंवा कडेवर ठोकलेले असतात. या तापमानाला झडप उघडू लागते. ८२ चा साधारण ९५ ला पूर्ण उघडतो, ८८ चा १०० ला. काही ठिकाणी ७१ किंवा ७६ चाही मिळतो आणि "उन्हाळ्याला हा बरा" असं सांगून विकला जातो. तो मी घेत नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढताना पाणी ९५ च्या पुढे गेलं, की ७१ चा काय आणि ८२ चा काय, दोन्ही सताड उघडे असतात. तिथे दोघांत काडीचा फरक नाही. फरक पडतो तो सपाटीला आणि गार सकाळी, आणि तिथे ७१ चा थर्मोस्टॅट इंजिनाला गारच ठेवतो. म्हणजे न काढताच काढल्यासारखं.

८८ चा थंड हवेच्या भागासाठी चांगला. इंजिन थोडं जास्त गरम राहतं, पेट्रोल थोडं नीट जळतं. मुळशीचा पावसाळा आणि हिवाळा बघता मोह होतो. तरी गुरुजींच्या गाडीला मी ८२ चाच निवडला, आणि त्याचं कारण मला पातेल्यात सापडलं.

माझ्या गॅरेजात एक ॲल्युमिनियमचं पातेलं फक्त थर्मोस्टॅटसाठी आहे. नवा असो वा जुना, पाण्यात उकळून पाहिल्याशिवाय मी थर्मोस्टॅट बसवत नाही. पद्धत अशी. थर्मोस्टॅट गार असताना झडप हाताने जरा दाबून उघडायची, फटीत दोऱ्याचं टोक घालायचं आणि सोडून द्यायची. झडप मिटते, दोरा अडकतो. आता त्या दोऱ्याने थर्मोस्टॅट पाण्यात असा टांगायचा, की तो तळाला किंवा बाजूला टेकणार नाही. पातेल्याचा तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो, टेकला की मोजमाप खोटं येतं. शेजारी थर्मामीटर, त्याचं टोक डबीच्या बरोबरीला. गॅस बारीक, आणि पळीने पाणी सारखं ढवळत राहायचं. घाई करणाऱ्याने हे काम करू नये. मेण आतून वितळायला वेळ घेतं, पाणी भराभर तापवलं तर आकडा चार-पाच अंशांनी चुकतो. झडप उघडू लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टप्‌कन तळाशी पडतो. त्या क्षणी थर्मामीटर वाचायचा.

गुरुजी त्या दिवशी समोरच स्टुलावर बसले होते. "उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे मी तुम्हाला फळ्यावर लिहून द्यायचो," ते म्हणाले, आणि खिशातून कागद काढून स्वतः आकडे टिपायला लागले.

पहिला नवा ८२ वाला ८३ ला पडला. ठीक. एक-दोन अंश इकडेतिकडे चालतात. मग पाणी आणखी तापवलं आणि ९५ च्या पुढे गेल्यावर ८ मिलिमीटरच्या ड्रिलची मागची गोल दांडी झडपेच्या फटीत सरकवून पाहिली. सहज गेली. सुझुकीच्या या इंजिनात पूर्ण उघडल्यावर किमान ८ मिलिमीटरची फट पडायला हवी. हे पाण्यातच मोजावं लागतं. बाहेर काढून व्हर्नियर लावेपर्यंत झडप मिटू लागते. मग गॅस बंद केला आणि पाणी निवताना झडप पूर्ण बसते का ते पाहिलं. उघडते त्याच आकड्याला ती मिटत नाही, काही अंश खाली आल्यावर मिटते. तो तिचा स्वभाव, दोष नाही.

दुसरा नवा त्याच दुकानातला, डबीवर तसाच ८२ ठोकलेला. तो ७५ लाच पडला. गार झाल्यावर उजेडाकडे धरला तर झडपेच्या कडेने प्रकाशाची रेघ दिसत होती. खोका नवा, सील नवं, भाग निकामी. दुकानदाराने तो मुकाट बदलून दिला. बदलून आणल्यावर तोही उकळून पाहिलाच.

तिसरा ८८ वाला. तो ८८ ला बरोबर उघडला. पण पाणी खळखळा उकळलं तरी ड्रिलची दांडी फटीत जाईना. थर्मामीटर ९८ वर थांबला होता. गुरुजींनी आधी थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मीच काही बोलायच्या आत म्हणाले, "आपण समुद्रसपाटीला नाही रे. इथे पाणी शंभराच्या आतच उकळणार." बरोबर होतं. पुणे आणि पौड समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरच्या वर आहेत आणि दर तीनशे मीटरला उकळबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. ८८ चा थर्मोस्टॅट १०० ला पूर्ण उघडणार, आणि आमच्या उघड्या पातेल्यात १०० येतच नाहीत. थर्मोस्टॅट वाईट नव्हता. गाडीत रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाखाली पाण्याला १०० च्या पुढे न उकळता जाता येतं, तिथे तो पूर्ण उघडलाही असता. पण मला तो स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येत नव्हता. ८२ वाला पहिल्या किलकिल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत माझ्यासमोर चालून दाखवत होता. घाटात राहणाऱ्या, वयस्कर माणसाच्या गाडीत मी पूर्ण तपासलेलाच भाग घालणार. म्हणून ८२.

बसवताना जिथे लोक चुकतात ते थोडक्यात सांगतो. डबी इंजिनाच्या बाजूला. चकतीत एक छोटी हलती पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी. हवा बाहेर पडावी म्हणून ती ठेवलेली असते. खाली गेली तर हवा झडपेपाशी अडकते, डबीला गरम पाणी लागतच नाही आणि चांगला थर्मोस्टॅटही उघडत नाही. ॲल्युमिनियमची टोपी गंजाने खाल्लेली असेल तर सपाट काचेवर एमरी पेपर ठेवून घासायची, नवं पॅकिंग कापायचं, बोल्ट बेताने आवळायचे. जोर लावला तर मॅनिफोल्डचे आटे निघून येतात. मग गाडी चढावर, तोंड वर करून उभी करायची, झाकण उघडं ठेवून कूलंट भरायचं, हीटर चालू, आणि वरचा होज पाइप हाताने दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. मुळशीत चढ शोधावा लागत नाही.

चाचणीला गुरुजींना शेजारी बसवूनच निघालो. माले, मुळशी, धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी, विंझाईच्या देवळावरून खाली विळ्यापर्यंत आणि तिथून परत वर. मे महिन्यात गाडी जिथे उकळली तोच चढ. थर्मोस्टॅटच्या टोपीवर मी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला तर तो कमी आकडा दाखवतो, काळ्या पट्टीवर खरा येतो. सपाटीला ८४-८५. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये ९० च्या पुढे गेला, पंखा सुरू झाला, काही वेळाने बंद झाला, परत सुरू झाला. काटा मध्यावर येऊन तिथेच राहिला. घाटात धुक्यात थांबून चहा प्यायलो. गाडी परत सुरू करताना गुरुजींचा हात सवयीने चोककडे गेला. चोकची गरज पडली नाही.

ऑइल बदललं. पुढच्या खेपेला झाकण उघडून पाहिलं तेव्हा तो पांढरा थर नव्हता. ॲव्हरेज पंधराच्या वर आलं. हेड खोललं असतं तर गुरुजींच्या निवृत्तिवेतनातले काही महिने त्यात गेले असते, आणि थर आठवड्याभरात पुन्हा धरला असता.

काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढणं याहून घातक ठरतं. आमच्या भागात वर्षानुवर्षं प्रवासी वाहणाऱ्या टेम्पो ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या रचनेचं ओएम ६१६ डिझेल इंजिन असायचं. त्याच्या थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. एक रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी दुसरी बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. मग गरम पाण्याचा बराचसा भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घिरट्या घालतो, आणि गार व्हावी म्हणून थर्मोस्टॅट काढलेली गाडी आणखी तापते. असा एक ट्रॅक्सवाला माझ्याकडे आला होता. रेडिएटर बदलला, वॉटर पंप बदलला, तरी घाटात काटा लाल. "थर्मोस्टॅट तर कधीच काढलाय," असं त्याने मोठ्या खात्रीने सांगितलं. मी तो परत बसवला, दुसरं काही केलं नाही. पुढे त्याने तीच गाडी विकेपर्यंत चालवली.

प्रीमियर पद्मिनी सांभाळणारी मंडळीही येतात, बहुतेक रविवारी, लवासाच्या किंवा ताम्हिणीच्या रस्त्याला निघालेली. त्यांना मूळ मापाचा थर्मोस्टॅट मिळणं अवघड जातं आणि मग दुसऱ्या गाडीचा जमवावा लागतो. जमवताना नुसता चकतीचा व्यास बघून भागत नाही. कडेची जाडी खाचेत बसली पाहिजे आणि पूर्ण उघडल्यावर खाली सरकणारी डबी हेडच्या तळाला टेकता कामा नये. टेकली तर झडप अर्धीच उघडते आणि टोपी बंद असल्यामुळे ते कधीच दिसत नाही. मी डबीच्या टोकाला थोडं ग्रीस लावून, उघड्या स्थितीत आत धरून पाहतो. तळाला डाग उमटला तर तो थर्मोस्टॅट त्या गाडीचा नाही.

ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे त्यांना एक सांगणं आहे. उद्या सकाळी इंजिन पूर्ण गार असताना गाडी सुरू करा आणि पंखा-पट्ट्यापासून हात जपून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावून बघा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकलेला आहे. काटा मध्याच्या पुढे गेला तरी पाइप गारच राहिला तर इंजिन लगेच बंद करा. थर्मोस्टॅट बंद अडकलाय. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कुणीही उघडू नका. नवा थर्मोस्टॅट काहीशे रुपयांना मिळतो. तो बसवण्याआधी तुमच्या मिस्त्रीला पातेल्यात उकळून दाखवायला सांगा, आणि तो नको म्हणाला तर घरच्या गॅसवर स्वतः उकळून बघा.